एक रिकामा डोळा

गेल्या वर्षी नवरात्र संपत आलं होतं. अकरावीला फळांचे प्रकार शिकवायचे होते, म्हणून कॉलेजला जाताना बाजारातून सहा सीताफळं घेतली. चांगली मऊ, बोट लावलं तर डोळा निघून हातात येईल अशी. पुस्तक इंग्रजीत आहे आणि त्यात सीताफळ ‘अ‍ॅग्रीगेट फ्रूट’चं उदाहरण म्हणून दोन ओळींत उरकलेलं आहे. त्या दोन ओळींसाठी मी दरवर्षी खरं फळ नेते. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, एक फळ दोन्ही अंगठ्यांनी उकललं आणि नेहमीचंच सांगायला लागले. हे एक फळ नाही. ही पुष्कळ फळं आहेत, एकाच फुलातून आलेली आणि वाढता वाढता एकमेकांना चिकटून बसलेली. या फुलात स्त्रीकेसर एक-दोन नसतात, दाटीवाटीनं खूप असतात आणि सुटे असतात. प्रत्येकाचं आपापलं फळ होतं. आपण ज्याला डोळा म्हणतो, तो त्या एकेका फळाचा माथा. वर्गभर वास पसरला होता, पुढच्या बाकावरच्यांचं लक्ष फळ्यावरून उडालं होतं. तेवढ्यात मागून एका मुलीनं विचारलं, “मॅडम, मग काही डोळे रिकामे का निघतात?”

ही मुलगी धारूरकडच्या एका वाडीतली. आई-वडील ऊसतोडीला जातात, ती इथं वसतिगृहात राहते. वर्गात फारशी बोलत नाही. तिनं पुढं सांगितलं की व्यापाऱ्यासाठी पाट्या भरताना ते एका बाजूनं चेपलेली फळं वेगळी काढतात. फोडून बघितलं तर चेपलेल्या बाजूला बी नसते, गरही नसतो, नुसती साल आणि आत चिवट काहीतरी. मी तिला बरोबर उत्तर दिलं. ज्या स्त्रीकेसरापर्यंत पराग पोचत नाही, त्याचं फळ धरत नाही. एका बाजूचे बरेचसे तसेच राहिले की ती बाजू आकसते आणि फळ वाकडं होतं. तिनं मान हलवली. मग म्हणाली, “फुलात हे सगळं दिसतं का? तुम्ही बघितलंय फूल उघडून?”

मी हो म्हणाले.

ते खोटं होतं. सीताफळाची फुलं लहानपणापासून माझ्या डोळ्यांपुढून गेलेली आहेत, आमच्या परसातच झाड आहे. पण एकही फूल तोडून, पाकळी बाजूला करून, आत काय आहे ते मी कधी बघितलं नव्हतं. इतकी वर्षं जे सांगत आले ते सगळं आकृतीवरून. आकृतीही चांगली येते मला, रंगीत खडूनं काढते. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये हात धुतले तरी बोटांना वास येत राहिला, आणि ते ‘हो’ घशात अडकल्यासारखं झालं. तिच्या विचारण्यात पाणउतारा नव्हता. कोणीतरी बघितलं असेल तर त्याच्याकडून ऐकावं, एवढंच तिला हवं होतं.

आमचं गाव बालाघाटाच्या पायथ्याशी. परसात एक झाड आणि मागं डोंगरभर हजारो, कोणी न लावलेली. बीड जिल्ह्याच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वर्तमानपत्रात मोठी बातमी आली. गावात ती वाचून दाखवली गेली आणि म्हाताऱ्या माणसांना त्यात विशेष काय, ते कळलं नाही. डोंगर आहे तर सीताफळ असणारच. त्याला झाड म्हणावं की झुडूप, हाही प्रश्नच आहे. एक सरळ खोड क्वचित. बुडापासूनच चार-पाच फांद्या फुटतात आणि पुरुष-दीड पुरुष उंची गाठली की आडव्या पसरतात. फांदी सरळ जात नाही, प्रत्येक पानापाशी जराशी वळते. पानं दोन्ही बाजूंना एकाआड एक, अगदी ओळीत, कोणीतरी मांडल्यासारखी. पान चुरगळलं की उग्र, हिरवट वास येतो. शेळी कशालाही तोंड लावते पण सीताफळाचा पाला सोडून देते, आणि मला वाटतं आमचे उघडेबोडके डोंगर थोडेफार हिरवे राहिलेत त्यात शेळीच्या या नावडीचा वाटा मोठा आहे. बाकी जे जे खाण्यासारखं होतं ते चरून गेलं. हे राहिलं.

आजीकडं या पाल्याचं वेगळंच काम होतं. बैलाच्या जखमेत आळ्या पडल्या की ती पाला वाटून जखमेत भरायची. आणि डोक्यात उवा झाल्या की बियांची पूड. ते सगळं आठवलं की अजून डोळे मिटले जातात. ती आम्हा दोघी बहिणींना अंगणात उन्हात बसवायची, जुन्या लुगड्याची पट्टी डोळ्यांवर गच्च बांधायची, आणि पुन्हा पुन्हा बजावायची, “हात लावायचा न्हाई. डोळ्यात गेलं तर डोळा जाईल.” तेलात कालवलेली पूड केसांच्या मुळाशी चोळताना तिची बोटं खसाखसा फिरायची, आणि पट्टीच्या आत मला नुसता लाल उजेड दिसायचा. ते भय पोकळ नव्हतं. सीताफळाच्या बीमध्ये जी विषं असतात ती किड्यांना मारतात, आणि डोळ्याच्या बुबुळाला खरोखर भाजल्यासारखी इजा करतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं असे रुग्ण येतात. आज मी हा उपाय कोणालाही करू देणार नाही. पण आजीनं ज्या काळजीनं ती पट्टी बांधली, तितक्या काळजीनं नंतर फार कोणी माझं डोकं हातात घेतलं नाही.

एवढं जहाल बी आणि त्याच्याभोवती एवढा गोड गर. लहानपणी आम्ही शंभर-शंभर बिया गिळायला घाबरत घाबरत थुंकायचो, पोटात झाड उगवेल म्हणून. अख्खी बी गेली तरी तिचं कवच इतकं टणक की ती तशीच बाहेर पडते, हे पुढं शिकले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकदा ब्लेडनं बी उभी कापली होती. आतला पांढरा गाभा सलग नसतो. बाहेरचं तपकिरी आवरण त्यात जागोजागी घुसलेलं, घड्या पडल्यासारखं. जायफळ कापल्यावर जी नक्षी दिसते तीच. आणि ते उगीच नाही. जायफळ, सोनचाफा आणि सीताफळ, ही सगळी सपुष्प वनस्पतींच्या एका फार जुन्या घराण्यातली. त्यातही हिरवा चाफा तर सीताफळाच्या अगदी सख्ख्या कुळातला. शाळेच्या फाटकापाशी रांगेनं लावतात तो उंच, सुळक्यासारखा अशोकही त्याच कुळातला. हिरव्या चाफ्याच्या वासाला आपण पिकलेल्या फळाचा वास म्हणतो, आणि त्या जाड, मांसल पाकळ्या हातात धरल्या की सीताफळाच्या फुलाची आठवण यायला हवी. मला आली नव्हती, कारण आठवायला काही नव्हतंच.

नावाचंही मला कोडं वाटत आलंय. झाड मूळचं इथलं नाही, अमेरिकेच्या उष्ण भागातलं. समुद्र ओलांडून आलं, पोर्तुगीजांबरोबर आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. अजिंठ्याच्या चित्रांत सीताफळासारखं फळ दिसतं म्हणून ते त्याहून जुनं, असं म्हणणारेही आहेत. त्यांचं माझ्या मनाला पटत नाही, पण अजिंठ्याला गेले की नजर ते शोधते हे खरं. १७५३ साली लिनियसनं त्याला ‘अ‍ॅनोना स्क्वॅमोसा’ नाव दिलं. स्क्वॅमोसा म्हणजे खवल्यांचं. त्याला खवले दिसले, आपल्याला डोळे दिसले. आणि आपल्याकडं ते सीतेचं झालं. त्याचा गुळगुळीत सालीचा भाऊ उन्हाळ्यात, रामनवमीच्या आगेमागे पिकतो, तो रामाचा झाला. सीता या शब्दाचा अर्थ नांगराचं तास. जनकाला ती तासात सापडली. आणि हे झाड नेमकं तिथलं, जिथं नांगर चालतच नाही. मुरूम, खडक, उतार, बांध. कोणी ठेवलं असेल हे नाव? वनवासातली सीता मनात धरून ठेवलं असेल, तर ठेवणारी बाईच असेल असं मला वाटतं.

आता फळ काढण्याविषयी. सीताफळ झाडावर पिकू द्यायचं नसतं, पाखरं आणि खारी ठेवत नाहीत. आणि फार कोवळं काढलं तर ते पिकत नाही, काळं पडून दगडासारखं होतं. मधली वेळ साधायची. ती वेळ आई लांबून ओळखते. म्हणते, “डोळे उघडले.” आधी खवले एकमेकांना घट्ट भिडलेले असतात, फटी हिरव्या. फळ भरत आलं की त्या फटी रुंदावतात आणि पिवळट-पांढऱ्या दिसायला लागतात. रामफळात ही फळं एकमेकांत पुरती मुरून जातात, म्हणून त्याला डोळे नाहीत, नुसत्या अस्पष्ट रेषा. सीताफळात ती अर्धवट जुळलेली राहतात. म्हणूनच ते पिकलं की हातात उकलतं, आणि म्हणूनच ते दूरच्या बाजाराला नेणं अवघड. डोळे उघडलेली फळं आई ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायची. तीन-चार दिवसांनी कणगीचं झाकण काढलं की ज्वारीलाच गोड वास. कोपरापर्यंत हात घालून चाचपडायचं. दाण्यांचा गारवा, आणि मध्येच काहीतरी मऊ लागायचं. त्या मऊ लागण्याचा आनंद मला पुढं कशातच सापडला नाही.

शेजारच्या घरात माझ्याच वयाची मुलगी होती. आम्ही एका पाटीवर शिकलो. तिचे आई-वडील बैलगाडी घेऊन पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जायचे आणि तिलाही नेत, धाकट्या भावाला सांभाळायला. दसरा झाला की मुकादमाची माणसं यायला लागत आणि दिवाळीच्या आधी किंवा लगेच नंतर गाड्या निघत. निघायच्या आदल्या दिवशी आई त्यांच्या गाडीत, वैरणीत, डोळे उघडलेली दहा-बारा फळं पुरून द्यायची. दगडासारखी टणक. ती चालत्या गाडीत, वाटेवरच पिकायची. कारखान्यावर पोचून कोप उभी करेपर्यंत शेवटचं फळ संपलेलं असे, असं ती मला परत आल्यावर सांगायची. परत येणं चैत्र-वैशाखात. म्हणजे ती जायची तेव्हा झाड फळांनी भरलेलं, पानं गर्द. यायची तेव्हा नवी पालवी, नव्या फुटीला लोंबणारी फुलं. मधलं झाड तिनं कधी बघितलंच नाही.

मधलं झाड भयंकर दिसतं. माघ-फाल्गुनात सीताफळ सगळी पानं टाकतं. राखाडी, वाकड्यातिकड्या काटक्या, त्यांना न पडलेली दोन-चार काळी, वाळकी फळं. एका वर्षी आजारपणामुळं तिला गावातच आजीपाशी ठेवलं होतं. जानेवारी-फेब्रुवारीत कधीतरी ती आमच्या परसात आली, झाडाकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, “हे मेलं का गं?” मला हसू आलं नाही, कारण तिच्या आवाजात रडू होतं. मी सांगितलं की दरवर्षीच असं होतं. तिचा विश्वास बसला नाही. सातवीनंतर ती शाळेत दिसली नाही, लग्न झालं. आता ती आणि तिचा नवरा मिळून एक कोयता आहेत; तोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता.

तिला तेव्हा एक गोष्ट दाखवायला हवी होती, पण मलाच ती माहीत नव्हती. बहुतेक झाडांमध्ये पान आणि फांदी यांच्या बेचक्यात पुढच्या फुटीचा डोळा उघड दिसतो. सीताफळात तो दिसत नाही. देठाचं बूड आतून पोकळ असतं आणि ते त्या डोळ्यावर टोपी घातल्यासारखं बसलेलं असतं. पान आहे तोवर डोळा झाकलेला. पान गळलं की देठाच्या वणाच्या मधोमध तो उघडा पडतो. बारीक, लवदार, तपकिरी. मग तो फुटतो. बागवाले मुद्दाम पानगळ करवतात ती यासाठीच. जून पान जायला लागतं, त्याशिवाय नवी फूट येत नाही. पाणी नसताना पानं सांभाळत बसण्यापेक्षा ती टाकून देणं आणि डोळे मिटून पडून राहणं, यावर हे झाड आमच्या उन्हाळ्यांतून निघतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी टँकरनं पाणी घालून बघितलं आणि शेवटी झाडांवर कुऱ्हाड चालवली. डोंगरातली सीताफळं त्या वर्षीही पावसाबरोबर फुटली. फळ बारीक आलं, पण आलं.

तर, ते ‘हो’. ते फेडायचं म्हणून मी या वर्षी वैशाखात गावी गेले. ऊन असं की दुपारी परसातल्या मातीवर पाय ठेववत नव्हता. झाडाला फुलं भरपूर होती आणि झाडाखाली त्याहून जास्त, हिरवट-पिवळ्या पाकळ्यांचा सडा. फांदीवरचं एक फूल बोटांत धरलं तर ते देठापासून सुटूनच हातात आलं. भाऊ म्हणाला, “ही उन्हाळ्यातली समदी गळणार. मृगानंतरची धरतात.” त्याचं खरं होतं. हवा इतकी कोरडी असली की फुलातल्या कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी टोकं, लगेच सुकतात. परागही तग धरत नाही. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे, धारूर-६ हा वाण तिथलाच. भाऊ तिथं जाऊन आलेला आहे आणि शास्त्रज्ञ काय म्हणाले ते त्याला पाठ आहे. मला मात्र त्या सड्याकडं बघवेना. झाड चैत्रापासून रोज फुलं काढत होतं आणि रोज टाकत होतं, पाऊस नक्की कधी येईल हे त्याला माहीत नसताना.

मृगाचा चांगला पाऊस झाल्याचं आईनं फोनवर सांगितलं त्या शनिवारी परत गेले.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला झाडाखाली स्टूल टाकून बसले. ओली माती, पाल्याचा उग्र वास, आणि त्यात कुठंतरी जास्त पिकलेल्या केळासारखा मंद आंबूस वास. तो फुलांचा होता. सीताफळाचं फूल तोंड वर करून कधी बघत नाही, ते खाली मान घालून लोंबतं. बोटाच्या दीड पेराएवढं. बाहेरून तीन जाड, लांबट पाकळ्या, शेंगेसारख्या. आतल्या पाकळ्या नावापुरत्या, नाहीतच म्हटलं तरी चालेल. मी एक पाकळी हळूच बाजूला केली. ती मोडली, काकडी मोडल्यासारखा आवाज झाला. आतून पांढरट, आणि बुडाशी वांग्याच्या रंगाचा एक डाग. आणि मधोमध, मी कित्येकदा खडूनं काढलेली ती गोष्ट: एक इवलासा उंचवटा, खालच्या अंगाला पुंकेसरांची गच्च रांगोळी, वर स्त्रीकेसरांचा झुबका. भिंगातून बघितलं तर त्या झुबक्यावर ओल चमकत होती. प्रत्येक टोक वेगळं. मी मोजायला गेले आणि मोजणं जमेना, इतकी दाटी. एकेक टोक म्हणजे एकेक डोळा होणार होता, किंवा होणार नव्हता.

या फुलात बाई आणि पुरुष एकाच घरात राहतात, पण त्यांच्या वेळा जुळत नाहीत. आधी स्त्रीकेसर तयार होतात. तेव्हा पाकळ्यांची टोकं जेमतेम फाकलेली असतात, बारीक फट, आणि पुंकेसर मिटलेले. स्त्रीकेसरांची वेळ संपली की मग पाकळ्या रुंद उघडतात, पुंकेसर सैल होतात आणि पराग सुटतो. तोवर त्याच फुलातल्या कुक्षी वाळलेल्या. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्या, नुकत्या फाकलेल्या फुलाकडं नेणारा कोणीतरी लागतो. मधमाशी इथं उपयोगाची नाही, ती फट तिच्यासाठी नाही. जातात ते भुंगेरे, मोहरीच्या दाण्याएवढे. त्या संध्याकाळी मी बत्तीस फुलं तपासली. सहा फुलांत ते सापडले. एका फुलात तिघे, पाकळीच्या बुडाशी अंग चोरून बसलेले, पाठीवर पिवळसर धूळ. पावसाच्या ओलीनं पाचोळा कुजायला लागतो, पडलेली फळं आंबतात, तिथं ते वाढतात. परसातला पाचोळा आम्ही दरवर्षी झाडून जाळतो. भावाला म्हटलं, झाडाखालचा ठेव. तो बरं म्हणाला.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर लोंबत होतं. भुंगेरा एका बाजूनं शिरला, तिथंच घुटमळला आणि निघून गेला तर दुसऱ्या बाजूची टोकं कोरडीच राहणार. चार महिन्यांनी धारूरच्या घाटात कोणीतरी ते फळ पाटीतून बाजूला काढणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याच्या रंगपेटीतला बारीक ब्रश मागून घेतला. सताड उघडलेल्या फुलांतले पुंकेसर बाटलीच्या झाकणात झाडून घेतले. जरा टिचकी मारली की गळतात. मग ज्यांची टोकं नुकती फाकली होती अशी सात फुलं निवडली आणि प्रत्येकाच्या आत ब्रश गोल फिरवला, सगळ्या बाजूंनी. हात थरथरत होता. देठाला देवघरातला लाल दोरा बांधला, ओळखू यावं म्हणून. आई ओसरीवरून बघत होती. “काय करायलीस गं? झाडाला नवस बोललीस का काय?” मी सांगितलं काय करतेय ते. ती उठून आली, माझ्या हातातलं भिंग घेतलं, उलटसुलट करून डोळ्याला लावलं आणि बराच वेळ एका फुलात बघत राहिली. तिनं आयुष्यभर हे झाड सांभाळलं, त्याची फळं कणगीत पुरली, गाड्यांत घालून दिली. म्हणाली, “आता गं बया. मपल्या दारात आसून कधी बघितलं न्हाई.” आणि परत बघायला लागली.

सातातली पाच धरली. भाऊ फोटो पाठवत राहिला. आधी हिरवा मणी, मग बोराएवढं, मग लिंबाएवढं. ऑगस्टपासून पावसानं दीड महिना डोळे वटारले आणि दोन फळं काळी पडली. एकावर पिठ्या ढेकूण आला, ते भावानं काढून टाकलं. राहिली दोन. त्यातलं एक, दक्षिणेकडच्या फांदीवरचं, असं गोल आणि सगळीकडून भरलेलं होतं की फोटोत सुद्धा कळत होतं. त्याचा एकही डोळा रिकामा नसणार याची मला खात्री होती. ते वर्गात न्यायचं, त्या मुलीसमोर फोडायचं, हे मी मनात किती वेळा केलं याला गणती नाही. ती आता बारावीला.

दसऱ्यानंतरच्या रविवारी गेले तर दक्षिणेकडच्या फांदीवर फळ नव्हतं. दोरा होता. काढताना देठ तुटलं आणि दोऱ्याची गाठ फांदीच्या सालीत अडकून राहिली होती. आईला विचारलं. तिनं सहज सांगितलं, आदल्या दिवशी शेजारचे निघाले. आता बैलगाडी नाही, ट्रॅक्टर. माझ्या त्या मैत्रिणीची धाकटी सून पहिल्यांदाच तोडीला निघाली होती, सहा महिन्यांचं पोर काखेत. “तिला दिली सात-आठ. डोळे उघडलेली बघून काढली. ते मोठं बी दिलं. वाटंनं पिकंल.” मग माझ्या चेहऱ्याकडं बघून, “तुला पाहिजे व्हतं का?” मी नाही म्हणाले. हेही खोटंच होतं, पण घशात अडकलं नाही.

दुसरं, दोऱ्याचं राहिलेलं फळ पाल्याआड होतं. ते एका अंगानं आकसलेलं निघालं. ब्रश त्या बाजूला नीट पोचला नसणार. ते घेऊन आले, ज्वारीच्या डब्यात पुरलं. चौथ्या दिवशी मऊ झालं.

मधल्या सुट्टीत त्या मुलीला प्रयोगशाळेत बोलावलं. सांगितलं की गेल्या वर्षी तू विचारलंस तेव्हा मी फूल उघडून बघितलेलं नव्हतं, या जूनमध्ये बघितलं. ती काही बोलली नाही, फळाकडं बघत होती. मी फुलाचं सगळं सांगितलं, पाकळी मोडल्याचा आवाज, वांग्याच्या रंगाचा डाग, तीन भुंगेरे. मग फळ तिच्याकडं सरकवलं. तिनं ते उकललं, भरलेली बाजू माझ्या बाजूला ठेवली आणि आकसलेला अर्धा भाग उजेडाला धरला. साल नखानं सोलत गेली. आत बारीक, फिकट, वाळलेले डोळे होते, तांदळाच्या कणीएवढे, एकमेकांना चिकटलेले. “इकडं गेलाच नाही तो,” ती म्हणाली. मी म्हटलं, इकडं मी गेले नाही. तिनं मान वर करून एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत खाली घालून, ओठ हलवत, एकेक मोजायला लागली. सतरा भरले.